तेलेदू कुणाचा? एका कवटीचं प्रकरण

जावाच्या डोंगराळ भागात रात्री माती उकरून गांडुळं आणि किडे खाणारा एक प्राणी राहतो. अंगाने मांजराएवढा, पण बसका. रंग काळपट, डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीच्या मधोमध पांढरा पट्टा. नाक डुकरासारखं पुढे आलेलं, पुढच्या पायांना लांब नख्या, आणि शेपूट म्हणाल तर जेमतेम बोटभर. तिकडे त्याला तेलेदू म्हणतात. डिवचलं की तो शेपटीखालच्या ग्रंथींतून असा काही फवारा सोडतो की कुत्रंसुद्धा मागे फिरतं. इंग्रजांनी त्याला स्टिंक बॅजर, म्हणजे घाण वासाचा बॅजर (बॅजर हा बिळं खणणारा, बसक्या अंगाचा मांसाहारी प्राणी), असं नाव दिलं आणि शास्त्रज्ञांनीही त्याला बराच काळ बॅजरांच्याच पंगतीला बसवलं.

तेलेदू बॅजर नाही. तो स्कंक आहे, दुर्गंधी फवाऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतल्या काळ्या-पांढऱ्या प्राण्यांच्या घराण्यातला. १८२० मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं आणि १९९७ मध्ये त्याला रीतसर स्कंकांच्या कुलात घेतलं गेलं. मधली पावणेदोनशे वर्षं त्याची कवटी संग्रहालयांच्या कपाटात पडून होती, कुणालाही हातात घेऊन बघता येण्याजोगी. तरी उत्तर लागायला इतका वेळ का लागला, आणि लागलं तेव्हा हाडांनी नेमकं काय सांगितलं, हे मला या प्रकरणात मांडायचं आहे.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्याकडे स्कंकची खरी कवटी नाही, असण्याचं कारणही नाही, कारण भारतात स्कंक नाहीत. स्कॅनवरून छापलेली पट्टेदार स्कंकची एक प्रतिकृती आहे, आणि प्रयोगशाळेच्या कपाटात वर्षानुवर्षं असलेल्या मुंगसाच्या व कुत्र्याच्या कवट्या आहेत. तेलेदूचे फक्त फोटो. पण एवढ्या सामानावर हे प्रकरण निम्म्याहून अधिक सोडवता येतं.

आधी गोतावळा कळायला हवा. पाणमांजर, बॅजर, मार्टेन आणि वीझल (दोघे लांबट अंगाचे छोटे शिकारी) आणि आपल्याकडचं चांदी अस्वल, म्हणजे हनी बॅजर, हे सगळे एका कुलातले: मस्टेलिडी. अमेरिकेतल्या रॅकूनचं कुल वेगळं. तांबडा पांडा, जो आपल्याकडे सिक्कीम आणि अरुणाचलात आहे, तो आपल्या कुलात एकटाच. आणि स्कंक. अमेरिकेत स्कंकच्या तीन प्रजाती आहेत: पट्टेदार, ठिपकेदार आणि डुकरनाक्या. इथे प्रजाती हा शब्द मी विश्वकोशाच्या अर्थाने वापरतोय: कुलाखाली प्रजाती, प्रजातीखाली जाती. वर्तमानपत्रं जातीलाच प्रजाती म्हणतात आणि मग परीक्षेच्या पेपरात गोंधळ होतो.

वासावरून नातं

स्कंकचं पहिलं वर्गीकरण नाकाने झालं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये ठिपकेदार स्कंकला विव्हेरा या प्रजातीत टाकलं आणि जर्मन निसर्गशास्त्रज्ञ श्रेबरने १७७६ मध्ये पट्टेदार स्कंकलाही तिथेच. विव्हेरा म्हणजे जवादी मांजरांची प्रजाती. आपल्याकडचं उदमांजरही त्याच कुलातलं. शेपटीखाली ग्रंथी आहेत, वास येतो, अंगावर पट्टे-ठिपके आहेत, मग भाऊबंदच असणार, असा सरळ हिशेब. त्या काळात लंडन-पॅरिसला पोचायची ती बहुतेक वाळवलेली कातडी, त्यामुळे रंग आणि वर्णनं यांवरच भिस्त होती.

हा हिशेब मोडला तो कानाने. १८६९ मध्ये इंग्रज शरीररचनातज्ज्ञ विल्यम हेन्री फ्लॉवर यांनी मांसाहारी गणातल्या प्राण्यांच्या कवट्या उलट्या करून त्यांचा तळ तपासला. कवटी उलटी धरली की मागच्या बाजूला, मणका जिथे कवटीला मिळतो त्या भोकाच्या अलीकडे, दोन्हीकडे हाडाचा एकेक फुगा दिसतो. त्यात मध्यकर्ण असतो. मांजर, जवादी, मुंगूस यांच्यात हा फुगा आतून पडद्याने दुभागलेला असतो. कुत्रं, अस्वल, वीझल यांच्यात तसा दुभागलेला नसतो. मुंगसाची कवटी हातात असेल तर हे बाहेरूनच कळतं: फुग्यावर आडवी खाच आहे, पुढचा भाग वेगळा आणि मागचा टपोरा भाग वेगळा. शेजारी स्कंक ठेवा. खाच नाही. एका झटक्यात स्कंक उदमांजराच्या घरातून बाहेर पडतो आणि अस्वल-वीझलच्या बाजूला जातो.

विद्यार्थ्यांना मी इथे थोडा वेळ थांबवतो. कानाचा फुगाच का? शेपूट का नाही, पंजा का नाही? फ्लॉवर यांच्या कामातली ताकद अशी की प्राणी काय खातो, कसा चालतो, कुठे राहतो याच्याशी त्या पडद्याचा थेट संबंध दिसत नाही. मुंगूस जमिनीवर, उदमांजर झाडावर, मांजर दोन्हीकडे. पडदा तिघांत आहे. काम बदललं तरी जे बदलत नाही, ते वंशाबद्दल बोलतं.

बॅजर असल्याचा पुरावा

१९४५ मध्ये अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांचं सस्तन प्राण्यांचं मोठं वर्गीकरण प्रसिद्ध झालं. मस्टेलिडी कुलाचे त्यांनी पाच पोटभाग केले: वीझल वगैरे, हनी बॅजर, बॅजर, स्कंक आणि पाणमांजरं. तेलेदू गेला बॅजरांत. पुढची काही दशकं पाठ्यपुस्तकांतली मांडणी हीच होती.

सिम्प्सन यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण तेलेदूकडे बघितलं तर बॅजरच दिसतो. जुन्या पुस्तकांत त्याचं एक नाव मायडॉस मेलिसेप्स असं आहे. मेलिसेप्स म्हणजे बॅजरच्या डोक्याचा. फिलिपिन्समधल्या पलावानवर त्याचा एक सख्खा भाऊ आहे, त्याला तर काही काळ सुइलोटॅक्सस अशी वेगळी प्रजातीच दिली होती, म्हणजे डुकरासारखा बॅजर. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं ते नावातच उतरलेलं असतं.

सांगाडाही याच बाजूने साक्ष देतो. पुढचा पाय बघा. कोपराच्या मागे हाडाचं एक टोक असतं, आपल्याला टेबलावर कोपर आपटल्यावर ज्याची जाणीव होते ते. दंडामागचा स्नायू तिथे ओढतो. पहारीने दगड उचकटताना टेकूच्या अलीकडचा, आपल्या हातातला भाग जितका लांब तितका जोर अधिक. पण दुसरं टोक तेवढंच हळू हलतं. कोपराचं हे टोक म्हणजे तो हातातला भाग. खणणाऱ्या प्राण्यांत ते लांब असतं, धावणाऱ्यांत तुलनेने आखूड. दंडाच्या हाडाचा खालचा भाग रुंद होतो, कारण पंजा वळवणारे, मुठीत आवळणारे स्नायू तिथून निघतात. नख्या लांब होतात, बोटं आखूड आणि भक्कम होतात. युरोपातला बॅजर घ्या, अमेरिकेतला घ्या, हनी बॅजर घ्या, डुकरनाक्या स्कंक घ्या किंवा तेलेदू घ्या: दिशा एकच.

आणि नेमकी इथेच गोम आहे. मी वर्गात दाखवतो तो शेवटचा नमुना घुशीचा असतो. घूस ही कृंतक, उंदराच्या गोत्रातली. तिलाही उकरायचं असतं आणि तिच्या पुढच्या पायालाही त्याच गणिताला सामोरं जावं लागतं. मातीला तुमचं कुल माहीत नसतं. जो खणेल त्याचा हात खणण्याजोगा होतो.

दहावीच्या पुस्तकातलं ते चित्र सगळ्यांना आठवत असेल: माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर. कामं चार, हाडांची मांडणी एक, म्हणून पूर्वज एक. तेलेदूचं प्रकरण म्हणजे तेच चित्र उलटं टांगल्यासारखं आहे. काम एक, म्हणून रूप एक, आणि घराणी वेगळी. आपल्याकडे आडनावबंधू असतात तसं. कुलकर्णी कोकणातही आहेत आणि मराठवाड्यातही, कारण कुलकर्णीपण हे काम होतं. दोन कुलकर्णी भेटले म्हणून त्यांची भाऊबंदकी निघतेच असं नाही.

कवटीत ओतलेलं रबर

१९७३ मध्ये शिकागोच्या लेनर्ड रॅडिन्स्की यांनी एक निबंध छापला. त्याचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं: स्टिंक बॅजर हे स्कंक आहेत का? त्यांनी कवटी बाहेरून मोजण्याऐवजी आतून वाचली.

छोट्या मांसाहारी प्राण्यांचा मेंदू कवटीत जवळजवळ काठोकाठ बसलेला असतो. वाढत्या वयात मेंदूच्या घड्या आणि घळी हाडाच्या आतल्या बाजूवर उमटतात. प्राणी मेला, मेंदू गेला, तरी ठसा राहतो. मणक्याच्या भोकातून कवटीत रबराचा द्रव ओतायचा, कवटी फिरवून तो आतून सगळीकडे लागेल असं बघायचं, सुकू द्यायचा आणि लवचीक झालेला साचा त्याच भोकातून हळूच ओढून काढायचा. मग तो पुन्हा फुगून आपल्या आकाराला येतो आणि तुमच्या तळहातावर त्या प्राण्याच्या मेंदूचा पुतळा असतो. आज हेच काम सीटी स्कॅन करतं, कवटीला धक्का न लावता. पण रबर कवटीतून बाहेर येतानाचा तो क्षण पडद्यावर नाही येत.

रॅडिन्स्की यांना तेलेदूच्या साच्यावर दिसलेलं घड्यांचं वळण बॅजरांचं नव्हतं. ते स्कंकांशी जुळत होतं. पंजा उकरायला शिकला, नाक लांबलं, शेपूट आखडली. मेंदूच्या घड्यांची ठेवण मात्र घराण्याची राहिली. फ्लॉवरच्या कानासारखाच हा प्रकार, बाहेरच्या धकाधकीपासून दूर, आत दडलेला.

यानंतर कान पुन्हा पुढे आला, यावेळी जास्त बारकाईने. स्कंकच्या मध्यकर्णाला वरच्या अंगाला एक जादा कप्पा असतो. कानाच्या हाडांच्या वरची पोकळी वाढून कानशिलाच्या हाडात शिरते आणि त्या हाडाला बाहेरून फुगवटा येतो. बॅजरला हा नाही, वीझलला नाही, पाणमांजराला नाही. अमेरिकन स्कंकांना आहे आणि तेलेदूला आहे. आमच्या प्रतिकृतीवर हा फुगवटा डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतो. गालाची कमान मागे कवटीला मिळते तिथून, कानाच्या भोकाच्या वरून, अंगठा मागे न्यायचा. मुंगसावर अंगठा सरळ घसरतो. स्कंकवर तो एका गोलसर उंचवट्यावर चढून उतरतो.

याउलट एक लक्षण आहे जे ओळखायला सोपं पण नातं ठरवायला निरुपयोगी. वीझल आणि बॅजरांत टाळूचं हाड शेवटच्या दाढेच्या बरंच मागेपर्यंत जातं. पट्टेदार आणि ठिपकेदार स्कंकमध्ये ते शेवटच्या दाढेच्या रेषेतच संपतं. कवटी स्कंकची की वीझलकडची, हे ठरवायला रानात काम करणारे हेच बघतात, आणि योग्यच आहे. पण आता कपाटातली कुत्र्याची कवटी काढा. तिचीही टाळू साधारण शेवटच्या दाढेपाशीच संपते. म्हणून काय स्कंक कुत्र्याचा चुलतभाऊ? आखूड टाळू ही जुनी, पूर्वापार चालत आलेली गोष्ट असू शकते, आणि जुनी गोष्ट सगळ्याच शाखांत उरू शकते. नातं सांगतं ते नवं लक्षण, जे एका शाखेत निर्माण झालं आणि तिच्या वारसांकडेच राहिलं. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये हा नियम स्पष्टपणे मांडला, आणि पुढे तुलनात्मक शरीररचनेचा बराचसा कारभार त्यावर चालू लागला. जादा कप्पा नवा आहे. म्हणून तो मोलाचा.

जाता जाता एक उलटी परीक्षा. आफ्रिकेत झोरिला नावाचा प्राणी आहे. काळा, पाठीवर ठसठशीत पांढरे पट्टे, झुपकेदार शेपूट, आणि हो, फवाराही मारतो. फोटो दाखवला तर शंभरातले नव्वद जण स्कंक म्हणतील. तो अस्सल मस्टेलिड आहे, वीझलच्या घरचा. स्कंकसारखा दिसणारा स्कंक नाही आणि बॅजरसारखा दिसणारा स्कंक आहे; दोघांचं सोंग वेगवेगळ्या कारणाने जमलेलं. तेलेदूचं खणण्याने, झोरिलाचं बहुधा धमकावण्याने. काळ्यावर पांढरं हा रात्रीच्या प्राण्यांत ‘वाटेला जाऊ नका’ असा फलक आहे. आपलं चांदी अस्वलही तोच लावून हिंडतं.

हाडं चुकली ती जागा

इथपर्यंत गोष्ट हाडांच्या विजयाची वाटते. पण पुढचं प्रकरण तितकं गोड नाही, आणि मला वाटतं शिकण्यासारखं जास्त तिथेच आहे.

तेलेदू स्कंकांत गेला, ठीक. पण मग स्कंक कुठे बसतात? मस्टेलिडी कुलातच, असं बहुतेकांचं मत होतं, आणि त्याला तीन भक्कम वाटणारे आधार होते. पहिला, शेपटीखालच्या मोठ्या गंधग्रंथी. दुसरा, वरच्या जबड्यातली दुसरी दाढ नाहीशी झालेली. तिसरा, मांस कापणाऱ्या वरच्या मोठ्या दाताच्या धारेवर कुत्र्या-मांजरांत जी बारीक खाच असते ती गेलेली. तिन्ही लक्षणं वीझल, बॅजर, पाणमांजर आणि स्कंक यांच्यात आहेत, आणि तिन्ही नवी आहेत. हेनिगच्या नियमात चपखल बसणारी. १९९० च्या आसपास शरीररचनेवरून मांडलेल्या काही वंशवृक्षांत तर स्कंक थेट पाणमांजरांशेजारी जाऊन बसले. सिंधुदुर्गच्या खाडीत मासे मारणारं पाणमांजर आणि अमेरिकेत अंगणातली हिरवळ उकरणारा स्कंक, सख्खे शेजारी!

१९९७ मध्ये जेरी ड्रॅगू आणि रॉडनी हनिकट यांनी मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएची तुलना प्रसिद्ध केली. तेलेदू अमेरिकन स्कंकांबरोबर आला, रॅडिन्स्की बरोबर ठरले. पण हा सगळा स्कंकांचा जथा मस्टेलिडी कुलाच्या बाहेर पडला. त्यांनी स्कंकांना मेफिटिडी हे स्वतंत्र कुल दिलं. पुढे पेशीकेंद्रातल्या जनुकांवरून झालेल्या अभ्यासांनीही तेच सांगितलं, आणि एक जास्तीचा धक्का दिला: वीझल-पाणमांजरांचं सगळ्यात जवळचं नातं रॅकूनशी आहे, स्कंकशी नाही.

आता तीन आधारांकडे परत या. रॅकूनच्या वरच्या जबड्यात दुसरी दाढ शाबूत आहे. त्याच्या तोंडात एकूण ४० दात, पट्टेदार स्कंकच्या तोंडात ३४. वीझललाही ३४, आणि दातांचं सूत्रही तंतोतंत स्कंकचंच: वर एक दाढ, खाली दोन. जर रॅकून वीझलच्या जवळचा आणि स्कंक लांबचा, तर ती वरची दुसरी दाढ स्कंकांनी वेगळी गमावली आणि मस्टेलिडांनी वेगळी. चोरी दोन घरांत झाली, चोर एकच असं आपण धरून चाललो होतो.

हे इतकं अवघड का वाटावं? अक्कलदाढ आठवा. कित्येकांना ती येतच नाही. ज्यांना येत नाही ते सगळे एका आजोबांचे नातू नसतात. जबडा आखूड झाला की रांगेतला शेवटचा, आधीच लहान झालेला दात पहिला जातो, आणि हे पुनःपुन्हा घडू शकतं. एखादी गोष्ट नव्याने घडवायला वंशाला खटपट लागते, टाकून द्यायला फारशी नाही. म्हणून माझ्या हिशेबात ‘नाही’ या लक्षणाचं वजन ‘आहे’ या लक्षणापेक्षा कमी. दाढ नाही, खाच नाही, ही दोन्ही वजाबाकीची लक्षणं होती. कानातला जादा कप्पा बेरजेचं. या फरकाला अपवाद आहेत, पण या प्रकरणात तो अगदी स्वच्छ दिसतो.

तोंड उघडून नुसतं मोजण्याऐवजी दात बघितला असता तर थोडी शंका तेव्हाही आली असती. वीझलची वरची एकुलती दाढ आडवी, मध्ये आवळलेली, डमरूसारखी असते. स्कंकची तीच दाढ मोठी, चौकोनी अंगाची, चेचायला पसरट. आकडा सारखा, वस्तू वेगळी. सूत्र लिहिताना दोन्हीकडे ‘१’ लिहिला जातो, आणि कागदावरचा १ फार फसवा असतो.

राहिला गंध. स्कंकच्या फवाऱ्यातली मुख्य द्रव्यं थायॉल जातीची, गंधकयुक्त. स्वयंपाकघरात गॅस गळला की जो वास येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथिल मरकॅप्टनचा, तेही याच घराण्यातलं. मांसाहारी गणात शेपटीखालच्या ग्रंथी जवळपास सगळ्यांनाच असतात, कुत्र्यालाही. त्या मोठ्या होणं हे काही एकाच घराण्याचं भाग्य नव्हे. म्हणजे लिनियसने ज्या वासावर विश्वास ठेवून स्कंकला उदमांजरांत टाकलं, त्याच वासाने सव्वादोनशे वर्षं उलटल्यावरही त्याला मस्टेलिडांत धरून ठेवायला मदत केली.

अमेरिकेचा की आशियाचा?

तेलेदू स्कंक ठरल्यावर एक भूगोलाचा प्रश्न उभा राहिला. सगळे स्कंक अमेरिकेत आणि दोनच जाती इंडोनेशिया-मलेशिया-फिलिपिन्सच्या बेटांवर. मधे संपूर्ण आशिया रिकामा. एखाद्या लग्नात नवरीकडचे पुण्यात आणि दोनच काका थेट टोकियोत, असं. कुणी म्हणेल ते काका पुण्याहून गेले. जीवाश्म म्हणतात, नाही, पुणेकरच तिकडून आले.

ग्रीसमधल्या पिकेर्मीच्या थरांतून प्रोमेफिटिस नावाच्या प्राण्याचे अवशेष एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते. त्याच प्रजातीची एक छोटी जाती चीनच्या कान्सू प्रांतातून २००४ मध्ये वर्णन झाली. हे मायोसीन काळाच्या (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वी) उत्तरार्धातले. कॅलिफोर्नियातल्या मार्टिनोगेल या स्कंकचं वय सुमारे ९० लाख वर्षं धरलं जातं. युरेशियातून बेरिंगच्या वाटेने, म्हणजे सैबेरिया आणि अलास्का जोडणाऱ्या जमिनीवरून, स्कंक अमेरिकेत उतरले, तिथे फळले-फुलले. मागे राहिलेले एकेक करून संपले आणि बेटांवरचे तेवढे टिकले. हे जीवाश्म ओळखले कशावरून? दात, आणि पुन्हा तोच कानाचा कप्पा. मेंदू कुजतो, कातडी कुजते, डीएनए इतका काळ टिकत नाही. एक कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याबद्दल बोलायचं तर हाडाशिवाय पर्याय नाही. म्हणून डीएनए आल्यावर हाडांचा अभ्यास संपला असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. उलट कुठल्या हाडावर किती भरवसा ठेवायचा, हे आता पडताळून बघता येतं.

वर्गात हे करताना

करून बघणाऱ्यांसाठी दोन-तीन अडचणी सांगून ठेवतो. कवटी प्रौढाची आहे का, ते आधी बघा. हाडांमधल्या शिवणी उघड्या दिसत असतील तर ते पिल्लू आहे, आणि पिलांच्या कवट्या सगळ्यांच्याच गोल, मोठ्या डोक्याच्या आणि एकमेकांसारख्या दिसतात. पायाच्या हाडांतही तेच: कोपराचं टोक कूर्चेने जोडलेलं असताना सांगाडा साफ केला की टोक गळून पडतं, आणि मग विद्यार्थी मोठ्या विश्वासाने लिहितो की हा प्राणी खणणारा नव्हता. नर-मादी भेद लक्षात ठेवा. नर थोराड असतो. नुसत्या लांबीवरून दोन जाती पाडू नका.

आणि स्कंकच्या बाबतीत खास म्हणजे कपाळ. डोळ्यांच्या वरच्या भागात काही कवट्यांना वेडावाकडा फुगवटा आणि बारीक भोकं दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते फार महत्त्वाचं लक्षण वाटतं. मीही एकदा चांगली पंधरा मिनिटं त्याचं चित्र काढत बसलो होतो. तो स्क्रजाबिंजायलस नावाच्या जंताचा प्रताप. हा गोलकृमी कपाळाच्या हाडातल्या पोकळ्यांत राहतो, हाड आतून झिजवतो, फुगवतो, शेवटी भोकं पाडतो. वीझलमध्येही याच प्रजातीचे जंत हेच करतात. म्हणजे स्कंक आणि वीझल यांच्या कपाळात एक सामायिक ‘लक्षण’ आहे, आणि ते दोघांचंही नाही, पाहुण्याचं आहे.

एवढं सगळं झाल्यावर चौथा भिडू उरतो, तांबडा पांडा. त्याची आणि स्कंकांची शाखा, यांपैकी आधी कोण फुटलं यावर अभ्यासागणिक उत्तर बदलतं. दोन्ही फाटे फार जुने, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि एकमेकांच्या पाठोपाठ फुटलेले. अशा वेळी डीएनएही अडखळतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, पांड्याच्या कानात तो कप्पा आहे का, हे कुणी बघितलंय का?” मी तिला कवटीच्या तळाच्या स्कॅनची फाईल दिली आणि म्हटलं, “बघ तू.” तिने आधी पडद्यावर बोट नेलं, मग हसून मागे घेतलं आणि टेबलावरची स्कंकची प्रतिकृती उचलून अंगठा कानशिलावर ठेवला, तुलनेला.